कांदाचाळीची फुंकर

कॅबिनेट या विषयावर मी तीन महिने वाचत होते. लग्नासाठी स्थळं बघताना तू एवढं वाचलं नव्हतंस, असं अण्णा म्हणाले, आणि ते खरं होतं. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, ज्यात आतली सगळी यंत्रं बसवतात. लोक तो दिसण्यावर घेतात. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. मशीन तापता कामा नये आणि आवाज येता कामा नये. या दोघी एकमेकींच्या सवती आहेत. थंड ठेवायचं तर पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि पंखे फिरले की घरघर आलीच. घरघर दाबायला डबा आतून फोमनं मढवला तर वारा अडतो आणि मशीन तापतं.

माझं कामच वाऱ्याचं आहे. चाकणच्या एका कंपनीसाठी मी गाड्यांमधला हवेचा प्रवाह तपासते, म्हणजे खरी हवा नव्हे, कॉम्प्युटरवरची. बॅटरीच्या खोक्यात हवा कुठून शिरते, कुठे अडते, कुठे गरम होते, याची गणितं मी मांडते आणि मशीन ती सात-आठ तास सोडवत बसतं. ऑफिसात त्याच्या आवाजानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण जानेवारीत अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं, मी घरून काम मागून घेतलं, आणि मशीन आमच्या थेरगावच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आलं. त्याच हॉलमध्ये अण्णांची कॉट.

अण्णा म्हणजे माझे वडील, बबनराव. चाकणजवळच्या गावात आमची कांद्याची शेती होती, आणि शेतीच्या जोडीला त्यांनी बावीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, शिफ्टा केल्या. फाउंड्रीच्या वाळूनं फुप्फुसं खाल्ली, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी जेवून झोपले की त्यांचा श्वास मध्येच थांबायचा. पाच सेकंद, कधी सात. दहाच्या वर गेला तर उठवून बसवायचं, असं मला दवाखान्यात बजावलं होतं. म्हणजे तो मला ऐकू यायला हवा होता. मी काम करता करता कीबोर्डवरून हात उचलायचे, स्वतःचा श्वास रोखायचे आणि कॉटकडे कान लावून आकडे मोजायचे. एक, दोन, तीन. पंख्यांच्या घरघरीत काही कळायचं नाही, मग उठून जवळ जायचं. दुपारभरात वीस वेळा. मला त्या मशीनचा राग यायचा, खरं सांगायचं तर अण्णांचाही यायचा, आणि मग माझी मलाच लाज वाटायची.

पहिलं कॅबिनेट जाळीचं घेतलं. मशीन थंड, पण हॉलची पिठाची गिरणी झाली. दुसरं फोमचं. ते खरंच शांत होतं, पण तासाभरात प्रोसेसर नव्वद अंशांवर गेला आणि मशीननं मान टाकली. अख्ख्या दिवसाचं गणित पाण्यात. तिसऱ्याची चित्रं बघत बसले होते तेव्हा अण्णा कॉटवरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. चार पावलं चालले होते, तेवढ्यानं त्यांची छाती वरखाली होत होती.

"ह्यो वारा पुढनं घेतोय आन मागनं सोडतोय," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "आडव्या वाऱ्याला ढकलावं लागतंय. म्हणून तुझं पंखं बोंबलत्यात."

"मग कसा घ्यायचा?"

"खालनं घ्यायचा, वरनं सोडायचा. कांदाचाळीला कुठं पंखा असतोय?"

मी हसणार होते. हसले नाही, कारण ते बरोबर होतं. कांदाचाळ म्हणजे शेताच्या कडेला उभी केलेली लाकडी पट्ट्यांची लांबट खोली, जमिनीपासून दोन फूट उचललेली. तळाला फटी, बाजूंना फटी, वर उतरतं छप्पर. आत टनावारी कांदा महिनोन्महिने राहतो आणि सडत नाही. ढिगातली गरम हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा आपोआप येते. आमच्या पट्ट्यात चाळ उभारावी ती बबनरावांनीच, असं लोक म्हणायचे. आणि मी त्यांची मुलगी, वाऱ्याची इंजिनिअर, तीन महिने परदेशी कंपन्यांची पत्रकं वाचत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दोन दिवसांत मी अण्णांच्या चाळीचं छोटं मॉडेल कॉम्प्युटरवर तपासलं. एकच मोठा पंखा पुरत होता, तोही सावकाश फिरणारा.

"पट्ट्या हायत आपल्याकडं," अण्णा म्हणाले.

होत्याच. दोन वर्षांपूर्वी गावाकडचा आमचा शेवटचा तुकडा गोडाऊनसाठी गेला तेव्हा जेसीबीनं एका सकाळीत चाळ आडवी केली होती. अण्णांनी टेम्पो करून तिच्या पट्ट्या थेरगावला आणल्या आणि बाल्कनीत रचून ठेवल्या. कपडे वाळत घालताना मी रोज त्या पट्ट्यांना शिव्या घालायचे. त्याच पावसाळ्यात अण्णांना दम लागायला सुरुवात झाली होती, पण तेव्हा या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. कशाला पाहीन?

कासारवाडी स्टेशनच्या मागे मुबीनभाईंचं वर्कशॉप आहे. लग्नाच्या बँडवाल्यांसाठी आणि मंडळांसाठी ते स्पीकरची खोकी बनवतात. साठीचे, काटक, कानामागे पेन्सिल. माझं ड्रॉइंग त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, चाळीस वर्षं आवाज बाहेर काढायची खोकी केली," ते म्हणाले. "आवाज दाबायचं खोकं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मग मी नेलेल्या पट्ट्यांतली एक उचलून कानाशी धरली आणि बोटाच्या पेरानं ठोकली. पुन्हा ठोकली. दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"लाकूड चांगलं नाही का?" मी विचारलं.

"चांगलं आहे. वाजत नाही."

"मला तेच हवंय की."

"सागवान वाजतं, बाभूळ वाजते, कुजकं लाकूडपण वाजतं. हे ठोकलं की ठोका आत जातो." एक लोकल धडधडत गेली आणि वर्कशॉपचा पत्रा थरथरला. मुबीनभाईंनी ती जाईपर्यंत पट्टी कानाशीच धरून ठेवली होती. मग खाली ठेवली आणि बोट शर्टाला पुसलं. "आठ दिवसांनी आणून देतो," ते म्हणाले.

आणलं ते मला बघताक्षणी आवडलं. गुडघ्याएवढी उंची, चार आखूड पाय, पट्ट्यांच्या भिंती आणि वर उतरतं झाकण. हुबेहूब आमची चाळ, टेबलाशेजारी मावेल एवढी. मुबीनभाई गेल्यावर अण्णा तिच्यापुढे जमिनीवर बसले. बसायलाच त्यांना मिनिटभर लागलं. पट्ट्यांवरून हात फिरवत ते बोलू लागले, आणि मी कधी न ऐकलेली गोष्ट मला त्या दिवशी कळली.

आमच्या घरात चाळ भरायच्या आधी थोरल्यानं तळाच्या फटीला तोंड लावून तिला फुंकर द्यायची. कांदा जिता असतो, त्याला श्वास लागतो, तो घरच्यानं द्यायचा. आणि चाळ रिकामी झाली की पुन्हा तोंड लावायचं आणि आपली फुंकर परत ओढून घ्यायची. माझ्या आज्यानं केलं, अण्णांनी तीस वर्षं केलं.

"गेल्या बारीची ऱ्हायली," अण्णा म्हणाले. "जेसीबीवाला थांबला न्हाई. नुसत्या पट्ट्यांतनं ती घेता येत न्हाई, चाळ उभी लागती. आता उभी हाय. घेतो."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आजारी माणूस कशाकशाला धरून बसतो. ते वाकले, आणि तळाच्या फटींमध्ये अडकलेला लाकडाचा भुसा मला दिसला. एवढा बारीक भुसा त्यांच्या छातीत गेला असता तर पुन्हा दवाखाना होता.

"थांबा अण्णा," मी म्हणाले, आणि खाली बसून फटीला तोंड लावून तीन वेळा जोरात फुंकलं. कॉम्प्युटरवाल्यांची ही सवयच असते. डबा उघडला की आधी फुंकर मारायची, धूळ उडवायची.

भुसा उडाला. मी उठले. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या लहानपणी मी विहिरीच्या काठावर वाकले होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं.

"घ्या आता," मी म्हणाले.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "असू दे आता. ऱ्हाऊ दे."

पुढचे पाच-सहा आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. मशीन चालू आहे की नाही हे स्क्रीनकडे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आठ तासांचं गणित लावलं तरी तापमान सत्तेचाळीस अंशांच्या वर जाईना. आणि दुपारी, काम करता करता, मला अण्णांचा श्वास स्वच्छ ऐकू यायचा. संथ, लांब, एकसारखा. मध्ये कुठे थांबणं नाही. मी सवयीनं श्वास रोखून मोजायला लागायचे आणि चारच्या आत पुढचा श्वास यायचा.

अण्णा सुधारत होते. आधी संडासापर्यंत न थांबता गेले. मग जिन्यानं खाली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तीन मजले आहेत. मेच्या शेवटी ते एकटे डांगे चौकात जाऊन मेथीच्या चार जुड्या आणि कलिंगड घेऊन आले, आणि दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "मेथी महाग झाली." डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन नव्याण्णव दाखवला. औषध लागू पडलं, असं ते म्हणाले. मी त्यांना पेढे दिले.

त्या दुपारी कशा होत्या ते मला नीट सांगता येणार नाही. हॉलमध्ये वास यायचा. सुकलेल्या कांद्याच्या पातीचा, सालपटांचा, तापलेल्या मातीचा. खिडकीबाहेर डांगे चौकाचे हॉर्न वाजत असायचे आणि हॉलमध्ये शेताची दुपार असायची. माझे डोळे मिटायचे. मी चाळीखाली पाठीवर पडले आहे, वरच्या फटींतून उन्हाचे पट्टे अंगावर पडलेत, आणि वर कुणीतरी निवांत झोपलंय, असं मला दिसायचं. जाग यायची तेव्हा गणित संपलेलं असायचं.

मी आळशी असेन, पण इंजिनिअर आहे. सत्तेचाळीस अंश हे फारच कमी होतं. एक दिवस मी तापमानाची दर सेकंदाची नोंद काढली. रेघ सरळ यायला हवी होती. तिच्यात लाटा होत्या. चार सेकंदांनी एक, पुन्हा चार सेकंदांनी एक. सेन्सर बिघडला म्हणून मी दुसरा लावला. लाटा तशाच. पंख्याची नोंद काढली, ती शून्य होती. मी तो पन्नास अंशांच्या वरच फिरेल असा लावला होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो फिरलाच नव्हता.

मी तळाच्या फटीशी हात धरला. वारा आत जात होता. चाळीत जातो तसाच. मग तो थांबला.

मग बाहेर आला.

हात काढून घेतला आणि चहा करायला गेले. काही दिवस मी ती नोंद पुन्हा उघडली नाही. अण्णा बरे होते. बरं चाललेलं असताना माणूस फार खोदत नाही, निदान मी तरी खोदलं नाही.

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते. दुरुस्तीचा वार आहे, इथे सगळ्यांना पाठ असतो. त्या गुरुवारी मी विसरले आणि मशीन चालू ठेवलं. दीड वाजता लाइट गेली, पंधरा मिनिटांत यूपीएसची बॅटरीही संपली, स्क्रीन काळी झाली. वरचा पंखा आधीच थांबला होता. फ्रीजही. सगळ्या बिल्डिंगमध्ये गुरुवारची शांतता पसरली. अण्णा कॉटवर झोपले होते आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता, संथ, लांब.

तो माझ्या डाव्या हाताकडून येत होता.

कॉट उजवीकडे आहे.

 मी उठून कॉटजवळ गेले. अण्णा कुशीवर झोपले होते. त्यांच्या बनियनवर मी नजर ठेवली. बनियन हलत नव्हतं. मी देवापुढची कापसाची वात आणली आणि त्यांच्या नाकाजवळ धरली. वातीचा एक तंतू हलला नाही. माझ्या मागे चाळीनं श्वास सोडला.

 मी तिथेच खाली बसले.

"काय गं?" अण्णांनी डोळे उघडून विचारलं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. तो ऊबदार होता.

"काही नाही," मी म्हणाले.

मुबीनभाईंना फोन केला. खोकं मलाही उघडता आलं असतं, पण एकटीला भीती वाटली, हे सरळ सांगते. ते तासाभरात आले. अण्णा तोवर उठून स्वयंपाकघरात चहा टाकत होते. मुबीनभाईंनी मागची बाजू वळवून घेतली, एक स्क्रू सैल केला. दुसरा सैल केला. पट्टी जराशी सुटली.

स्वयंपाकघरात पातेलं पडलं.

मी धावले. अण्णा ओट्याखाली बसले होते, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, छातीशी मूठ. माझ्याही छातीत कुणीतरी आतून ओढावं तशी कळ आली. भीतीनं आली असेल, असं मी धरून चालले.

"बसवा," मी ओरडले. "स्क्रू परत बसवा, मुबीनभाई."

त्यांनी बसवले. अण्णांची मूठ हळूहळू सुटली. पुसायचं फडकं घेऊन ते सांडलेला चहा पुसू लागले.

हॉलमध्ये आले तर मुबीनभाई चाळीला कान लावून बसले होते. डोळे मिटलेले.

"ताई," ते म्हणाले, "यात दोन आहेत."

"दोन काय?"

"एक जाड, सावकाश. दुसरा बारीक आहे, थोडा घाईचा. एकात एक गुंतलेत." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, हत्यारं गोळा केली, आणि चहाला न थांबता जिना उतरून गेले. पुन्हा मी फोन केला तेव्हा उचलला नाही.

मी अण्णांसमोर बसले. रडू येत होतं.

"परत घ्या," मी म्हणाले. "चाळ उभी आहे. तोंड लावा आणि तुमची फुंकर परत घ्या."

"घेनार होतो की. त्याच्यासाठीच तर पट्ट्या दिल्या तुला."

"मग घ्या ना अण्णा. ही पडली, मोडली तर? जळाली तर?"

 चाळीच्या झाकणावर हात ठेवून ते म्हणाले, "घेताना मापून येत न्हाई, पोरी. ओढली की सगळी येती. मिसळल्यावर तुजी कुठली आन माजी कुठली?" एक पट्टी त्यांनी बोटानं चाचपली. "आपल्याला काय कमी हाय? लाकडाला वाळवी लागू द्यायची न्हाई, बास."

असं म्हणून ते कॉटवर जाऊन आडवे झाले. त्यांना लगेच झोप लागली.

लाइट अजून आली नव्हती. मी खुर्चीत बसले. चाळीतला श्वास ऐकू येत होता, आणि आता सांगितल्यामुळे मला दुसराही ऐकू येत होता. बारीक. थोडा घाईचा.

माझी जुनी सवय. नीट ऐकायचं म्हणून मी श्वास रोखला आणि मोजू लागले. एक, दोन, तीन.

दहा झाले. साठ झाले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली. शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. दोनशे झाले. दुसरा श्वास जरासा संथ झाला होता, कारण माझी भीती ओसरली होती.

चारशे बाराला मी मोजणं सोडलं. दम लागला म्हणून नाही. कंटाळा आला म्हणून.